नव्या माणसाने वाचलेली तीन पुस्तकं

पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, त्यावरून आजचा विषय किती जणांचा आहे ते कळलं. हरकत नाही. ज्यांचा आहे ती बारा-पंधरा मुलं मागं भिंतीला टेकून उभी आहेत, मी त्यांच्याकडे बघून बोलतो. बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

आज तीन पुस्तकांबद्दल बोलायचंय. खरं म्हणजे एक लांबलचक निबंध आणि दोन पुस्तकं. तिन्ही ओपन सोर्सविषयी, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो, त्याविषयी. एरिक रेमंडचा ‘द कॅथेड्रल अँड द बझार’, १९९७ सालचा. कार्ल फोगेलचं ‘प्रोड्युसिंग ओपन सोर्स सॉफ्टवेअर’, २००५. आणि नादिया एघबाल यांचं ‘वर्किंग इन पब्लिक’, २०२०.

ही तीनच का, तर माझ्या हातून एक चूक झाली म्हणून. इथल्याच वसाहतीत वाढलेली एक मुलगी, कराडला इंजिनिअरिंग करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, “काका, सगळे म्हणतात ओपन सोर्समध्ये काम कर, प्लेसमेंटला उपयोग होतो. पण सुरुवात कुठून करायची?” मी हुशारी दाखवली. म्हटलं, आधी वाच. आणि ही तीन नावं दिली. तिनं खरंच वाचली. (आजकाल कोण वाचतं? मलाच धक्का बसला.) चार महिन्यांनी परत आली आणि मला म्हणाली, “काका, तुम्ही दिलेली पुस्तकं चांगली आहेत. पण ती घरमालकांनी लिहिलीत. पाहुण्यानं काय करायचं ते कुठंय त्यात?”

मी ती पुस्तकं वर्षानुवर्षं लोकांना सुचवत आलो होतो. ते वाक्य ऐकल्यावर पुन्हा वाचायला घेतली. यावेळी उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून.

रेमंडपासून सुरू करू. २७ मे १९९७ रोजी जर्मनीत वुर्झबर्गला लिनक्सवाल्यांच्या परिषदेत हा निबंध त्यानं पहिल्यांदा वाचला. पुढं जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं, त्यामागं या निबंधाचा हात होता. म्हणजे लेखनानं जग हलतं याचं हे एक दुर्मिळ उदाहरण. मांडणी सोपी. सॉफ्टवेअर बनवायच्या दोन तऱ्हा. एक कॅथेड्रल बांधल्यासारखी: मोजके कारागीर, बंद दार, पूर्ण झाल्यावर उद्घाटन. दुसरी बाजारासारखी: सगळं उघड्यावर, रोज नवा माल, येईल त्याचा हात लागतो. आणि सिद्धान्त असा की बघणारे डोळे पुरेसे असतील तर कुठलीही चूक फार काळ लपत नाही.

यात नवा माणूस कुठंय? तो डोळा आहे. त्याला नाव नाही, त्याला कंटाळा येत नाही, त्याची परीक्षा नसते, त्याला इंग्रजी लिहिताना घाम फुटत नाही. तो बघतो आणि चूक सांगतो. बस्स.

पण निबंधात एक जागा आहे जी मी पूर्वी भराभर वाचून पुढं गेलो होतो. रेमंडला स्वतःला मेल आणणारा एक प्रोग्रॅम हवा होता. शोधता शोधता कार्ल हॅरिस नावाच्या गृहस्थाचा पॉपक्लायंट सापडला. रेमंडनं त्यात दुरुस्त्या करून पाठवल्या. हॅरिसचा त्यातला रस तोवर संपला होता, त्यानं अख्खा प्रोग्रॅमच रेमंडच्या हवाली केला. पुढं त्याचं फेचमेल झालं. आता बघा, एका परक्या प्रकल्पात नवा माणूस म्हणून कुणी शिरतो, असा हा प्रसंग. आणि तो नवा माणूस कोण? जो १९९१ मध्येच हॅकर मंडळींच्या शब्दकोशाचा संपादक म्हणून त्या जगात ओळखीचा झाला होता. त्याचं पत्र उघडलं जाणारच होतं. कराडच्या हॉस्टेलवरून गेलेल्या पत्राचं तसं नसतं.

आणि बाजाराचं म्हणाल तर, रेमंडनं आपला आठवडी बाजार पाहिला नसावा. बाजार उघडा असतो हे खरं. पण मेथीच्या चार जुड्या घेऊन एखादी नवी बाई येते, तेव्हा ती कुठंही पोतं अंथरू शकते का? अमुक झाडाखाली अमुक मावशी, वीस वर्षांपासून. बाजारपट्टी घेणारा माणूस वेगळाच. नवीला पहिले सहा आठवडे कडेला, उन्हात. कुणी तिला हाकलत नाही, पण कुणी सरकतही नाही. तिला जागा मिळते ती शेजारणीचं पोरगं एक दिवस सांभाळल्यावर. रेमंडच्या बाजारात जागा नावाची गोष्टच नाही, त्यामुळं ती मिळवायची कशी हा प्रश्नही नाही. ज्याला जागेची अडचण कधी आली नाही अशाच माणसाला बाजार असा दिसू शकतो.

डोळ्यांच्या सिद्धान्ताचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ बोलून झालंय. ओपनएसएसएल हे निम्म्या इंटरनेटचं कुलूप. त्यातली हार्टब्लीड नावाची चूक २०१२ च्या आवृत्तीत शिरली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. दोन वर्षं. वापरणारे कोट्यवधी होते, कोड वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

फोगेलचं पुस्तक मला तिन्हींत सगळ्यात जास्त आवडतं, आजही. सबव्हर्जन हा प्रकल्प उभा करणाऱ्यांपैकी तो एक, त्यामुळं हात काळे झालेला माणूस लिहितोय हे पानोपानी जाणवतं. मोठी तत्त्वं नाहीत. भांडण वाढायच्या आधी कसं थांबवायचं, निर्णय खासगीत का घ्यायचे नाहीत, कुणाला कोड बदलायचा अधिकार कधी द्यायचा, असलं सगळं. आपल्याकडं सहकारी संस्था चालवणाऱ्यांनी वाचावं असं पुस्तक आहे. आणि ते नेटवर फुकट आहे, लेखकानंच ठेवलंय.

फोगेल म्हणतो की वापरणारा प्रत्येक माणूस हा उद्याचा सहभागी आहे असं समजून त्याच्याशी वागा. फार सुंदर. पण पुन्हा वाचताना मला त्यातलं व्याकरण दिसायला लागलं. सगळी क्रियापदं यजमानाची. उत्तर द्या, आभार माना, समजावून सांगा, रुळवून घ्या. नवा माणूस कर्म आहे, कर्ता नाही. त्याला रुळवलं जातं. यजमानानं हे सगळं केलं नाही तर पाहुण्यानं काय करायचं याबद्दल पुस्तक गप्प आहे. आणि बहुतेक वेळा यजमान हे करत नाही, कारण तो दिवसभर दुसरी नोकरी करून रात्री अकराला लॅपटॉप उघडतो.

ही उणीव एघबाल यांनी बरोबर पकडलीय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोडची कॉपी काढायला खर्च येत नाही, पण येणारी प्रत्येक सूचना कुणीतरी वाचावी लागते, आणि वाचणाऱ्याचं लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. बहुतेक प्रकल्प बाजार नाहीतच; एक-दोन माणसं मैदानात आणि हजारो गॅलरीत, असे ते स्टेडियमसारखे आहेत. येणारे-जाणारे खूप, राहणारे कमी. नवा माणूस पहिली सुधारणा पाठवतो तेव्हा तो देणगी देत नसतो, तर बऱ्याचदा काम वाढवत असतो.

इथं कोयनेत हे समजायला पुस्तक लागत नाही. पावसाळ्यात सहा वक्र दरवाजे उचलले की पुलावर मोबाइल घेऊन गर्दी. ते दरवाजे त्या दिवशी उचलले जावेत म्हणून उन्हाळ्यात कोण त्यांच्याशी झटतं, त्याचा फोटो कुणी काढलाय? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेनंतर धरण उभं राहिलं हे आपण अभिमानानं सांगतो. अंगावर भेगा घेऊन उभं राहिलं आणि नंतर त्याला बळकटी द्यावी लागली, ते वाक्य आपण खालच्या आवाजात म्हणतो. एघबाल यांचं पुस्तक त्या दुसऱ्या वाक्याचं पुस्तक आहे. म्हणून ते मला पटतं.

आणि आता त्यात आपला वाटा किती, तेही बोललं पाहिजे. मागं उभं राहणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. ऑक्टोबर महिन्यात हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम असतो, २०१४ पासून. ठराविक संख्येनं बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली निरर्थक बदलांचा असा पूर आला, कुणी एक विशेषण घाल, कुणी शीर्षकात ‘अमेझिंग’ लिही, की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पाला हवं असेल त्यानंच नाव द्यायचं असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांचा पाऊस पडला. एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची हे तोच प्रकल्प उघडून दाखवलं होतं, आणि बघणाऱ्यांनी जसंच्या तसं केलं. त्यातली पुष्कळ मुलं भारतातली होती. मी त्यांना हसणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पलीकडं माणूस बसलाय. पण त्या माणसाची रविवारची सकाळ गेली ती गेलीच.

तरीसुद्धा एघबाल यांच्याशी माझं भांडण आहे. त्या नव्या माणसाचा खर्च मांडतात, आणि हिशेब बरोबर आहे. पण खर्चाच्या वहीत माणूस एकदा लिहिला गेला की त्याच्याकडं दुसऱ्या नजरेनं बघणं अवघड होतं. पुस्तक मिटताना मनात यजमानाविषयी सहानुभूती राहते आणि दारात उभ्या असलेल्याविषयी थोडी भीती.

ती भीती २०२४ च्या मार्चमध्ये खरी ठरली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक छोटं साधन, एकच थकलेला माणूस कित्येक वर्षं सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावानं कुणीतरी मदतीला आलं. नम्र, चिकाटीचं, चाचण्यांसकट काम पाठवणारं. दुसरीकडून काही अनोळखी नावं मूळ माणसावर दबाव आणत राहिली, की तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळाले. आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं तो उघड केला. आपल्या मशीनवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याशा कुतूहलातून.

आता ही तिन्ही पुस्तकं या घटनेसमोर धरून बघा. रेमंड म्हणतो, रस संपला तर लायक वारसाच्या हाती देऊन मोकळं व्हा. एकोणीस धड्यांपैकी तो एक धडाच आहे. मूळ माणसानं तेच केलं. फोगेल ज्या नव्या सहभागीची वाट बघतो, सभ्य, नियमित, शिकणारा, तो हुबेहूब जिया टॅन आहे. आणि एघबाल यांनी सांगितलेला थकवा हाच तर चोरानं वापरला. म्हणजे तिन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर, आणि तिन्हींत एक प्रश्न नाही: हा माणूस इथं कशासाठी आलाय? त्याची गरज काय आहे? जिया टॅनची कुठलीही गरज कधी कुणाला दिसली नव्हती. तो नुसताच मदत करत होता.

माझी ती कराडची मुलगी मात्र गरज घेऊन गेली होती. तो भाग मला जरा सावकाश सांगू दे.

तिनं मजकुरात शोध घेणारं एक छोटं मुक्त साधन आपल्या प्रोजेक्टसाठी वापरायला घेतलं. त्यात ‘दऱ्या’ शोधलं की ‘दर्या’ यायचा. सह्याद्रीच्या दऱ्यांवरची माहिती मागितली की समुद्र हजर. (हशा) तुम्ही हसताय, कारण तुम्हाला फरक ऐकू येतो. मशीनला येत नाही. हा जो ‘दऱ्या’तला आडवा, पापणीसारखा र आहे, तो मराठीची खास खूण. आपल्याकडचं जुनं उदाहरण म्हणजे आचार्यास आणि आचाऱ्यास. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला मीठ कमी आहे म्हणून सांगायचं. युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त करायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. हे जोडचिन्ह दिसत नाही, छापलं जात नाही, पण असतं. त्या साधनात मजकूर ‘स्वच्छ’ करणारा एक टप्पा होता आणि तो अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकायचा. शिवाय नुक्तेही काढायचा. म्हणजे दोन्ही वाटा बंद.

मूळ लेखकाचा दोष नाही. त्याच्या भाषेत अदृश्य चिन्ह हा कचराच असतो.

असली लढाई मराठीत नवी नाही, एवढं जाता जाता सांगतो. पडद्यावरचा ल पाकळीचा हवा की दंडाला टेकलेला, श देठाचा हवा की नाही, यावर महाराष्ट्र शासनाला २००९ साली निर्णय काढून वर्णमाला ठरवावी लागली. लोहित फाँट पुण्यातल्या कंपनीनं घडवले आणि रेड हॅटनं ते मुक्त परवान्यानं दिले. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. हे सगळं करणाऱ्यांना आपल्याच भाषेची खाज होती. आणि इथं मला रेमंडला थोडं मागं घ्यावं लागतं. चांगलं सॉफ्टवेअर स्वतःच्या खाजेतून निघतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. फक्त त्याला वाटलं की सगळ्यांना एकाच ठिकाणी खाजतं.

तर मुलीनं बदल लिहिला. अकरा ओळींचा. आणि दोन शब्दांची चाचणी: दऱ्या शोधल्यावर दर्या येता कामा नये. पाठवला. आणि मग शांतता. एक आठवडा, दोन, पाच. मला रोज विचारायची, “काका, चुकलं का काही?” सातव्या आठवड्यात उत्तर आलं, एका ओळीचं: हे दोन्ही एकच शब्द नाहीत का?

तिला रडू आलं. मला राग आला. मी म्हटलं, सोडून दे. (माझा सल्ला दुसऱ्यांदा चुकला, नोंद घ्या.) तिनं रात्रभर बसून इंग्रजीत समजावून लिहिलं. आचारी आणि आचार्य सांगितले. दोन्ही शब्द मोठ्या आकारात चित्र काढून जोडले, कारण वाचणाऱ्याच्या मशीनवर ते नीट दिसतीलच याची खात्री नव्हती. अदृश्य चिन्ह कुठल्या क्रमांकाचं, युनिकोडच्या नियमात ते कुठं येतं, सगळं दिलं. आणि शेवटी लिहिलं, मला हे माझ्या प्रोजेक्टसाठी लागतंय, माझ्या गावाभोवती दऱ्या आहेत.

हे मी परत परत वाचलं. तिन्ही पुस्तकांत जे नाही ते त्या पत्रात होतं. पाहुण्यानं यजमानाला आपली गरज, त्याला अनोळखी असलेली, त्याला कळेल अशा क्रमानं सांगितली होती. त्याचा वेळ वाचावा म्हणून आपला घातला होता. टीकाकार म्हणून मला असं वाटतं की नव्या माणसाचं पहिलं लेखन कोड नसतं, ते असलं पत्र असतं. आणि त्यावर कुणी धड प्रकरण लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. फोगेलनं लिहावं. त्याला जमेल.

मुलांनो, तुमच्या खाजा वेगळ्या असतील. इथं बसल्या बसल्या पायाखाली हललं तर ते भूकंपाचं की सुरुंगाचं, हे या गावातली आजी सांगू शकते. भूकंपाच्या नोंदी वाचण्यासाठी ऑब्सपाय नावाचं पायथनमधलं मुक्त साधन आहे, म्युनिकच्या विद्यापीठात सुरू झालं. त्याचा कोड आज रात्री उघडून बघता येईल. मी ‘त्यात जा’ म्हणत नाही. माझे सल्ले कसे असतात ते आता तुम्हाला कळलंय.

मुलीचा बदल पुढच्या महिन्यात स्वीकारला गेला. अकरापैकी सहा ओळी त्यांनी बदलल्या, चाचणी तशीच ठेवली. आणि सोबत एक निरोप आला: देवनागरीचं इथं कुणालाच कळत नाही, यापुढं त्या लिपीतले बदल तुम्ही तपासाल का? ती हो म्हणून बसली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नेपाळीसाठी कुणीतरी मुलानं एक बदल पाठवलाय. चांगला वाटतो, पण चाचण्या नाहीत आणि नेपाळीत त्या चिन्हाचं काय करतात ते तिला शोधावं लागेल. तिची सेमिस्टर तोंडावर. तो बदल अकरा दिवस तिच्याकडं पडून आहे. “त्याला काय कळवू, काका?” मी यावेळी सल्ला दिला नाही. विचारलं, तुला सात आठवडे काय हवं होतं? ती म्हणाली, “निदान कुणी वाचलंय एवढं.” मग तेवढं तरी त्याला आज कळव, म्हटलं.

कळवलं की नाही, अजून विचारलेलं नाही. चला, प्रश्न घेऊ. भिंतीकडून सुरुवात करा.